दुसऱ्याचा पूल

काड्यांच्या पुलांच्या स्पर्धेत कुठलाच पूल शिल्लक राहत नाही. पहिला येणाराही मोडतो. नियमच तसा आहे. पूल मोडेपर्यंत त्यावर लोड चढवत जायचा, मोडला त्या क्षणीचा आकडा लिहून घ्यायचा आणि त्याला पुलाच्या स्वतःच्या वजनानं भागायचं. ज्याचा भागाकार मोठा, ढाल त्याची.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात स्ट्रक्चरचे विषय शिकवते आणि दर फेब्रुवारीत आमच्या विभागातर्फे ही स्पर्धा भरवते. साहित्य साधं: आइस्क्रीमच्या काड्या आणि फेविकॉल, तिसरं काही चालत नाही. गाळा ६० सेंटिमीटर, वजन ५०० ग्रॅमच्या आत. स्पर्धा जवळ आली की हॉस्टेलच्या दोऱ्यांवरचे कपड्यांचे चिमटे नाहीसे होतात, कारण चिकटवलेला जोड सुकेपर्यंत आवळून धरायला चिमट्याइतकं सोयीचं काही नाही. मुलं रात्र-रात्र जागतात. एकसारख्या जाडीच्या, सरळ धाग्याच्या काड्या निवडण्यातच दोन दिवस जातात. वाकडी किंवा गाठीची काडी बाजूला टाकताना ही मुलं जेवढी कठोर असतात, तेवढी सबमिशनच्या फायली लिहिताना असती तर आम्हा शिक्षकांचं आयुष्य सुखाचं झालं असतं.

शेजारच्या जिल्ह्यातलं एक कॉलेज दरवर्षी येतं. ढाल बहुतेक वेळा त्यांच्यात आणि आमच्यातच फिरते, त्यामुळे बाकीच्या टीम असतात खऱ्या, पण सगळ्यांचं लक्ष या दोघांवर. ते लोक बसमधून उतरतात तेच पुलावर चादर टाकून. आमची मुलं चादरीखालचा आकार ओळखायचा प्रयत्न करतात. ‘वॉरेन आहे रे’, ‘नाही, प्रॅट वाटतोय’ अशी पुलाच्या प्रकारावरून कुजबुज चालते. इथवर मला सगळं आवडतं. दुसऱ्याच्या कामाबद्दल इतकं कुतूहल वर्गात कधी दिसत नाही. पण टेस्टिंग सुरू झालं, त्यांचा पूल मशीनवर चढला, की मागच्या बाकांवरून एक आरोळी येते: ‘मोड! मोड!’ ती मला फार लागते. वस्तू मोडणारच आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी ती लवकर मोडावी अशी हाक एखाद्या इंजिनिअर होऊ घातलेल्या मुलाच्या तोंडून ऐकताना माझ्या पोटात कालवतं.

या लेखाचं निमित्त मागच्या एका स्पर्धेतली गोष्ट आहे. आमच्या टीमचा पूल आधी झाला होता. ४२० ग्रॅमचा पूल, १०५ किलोला मोडला. भागाकार २५०. मग त्यांचा पूल चढला. तो हलका होता, ३८० ग्रॅमचा. लॅब असिस्टंटनी वर लोखंडी प्लेट ठेवली, मशीन सुरू करायला हात पुढे केला, आणि आमच्याच टीममधली तिसऱ्या वर्षाची मुलगी पुढे होऊन म्हणाली, ‘सर, प्लेट मध्यावर नाहीये. डावीकडे सरकलीय.’

असा पूल म्हणजे दोन ट्रस, म्हणजे काड्यांच्या त्रिकोणांच्या चौकटी, शेजारी-शेजारी उभे करून आडव्या काड्यांनी जोडलेले. भार मधोमध आला तर दोघं निम्मा-निम्मा उचलतात. प्लेट बोटभर जरी एका अंगाला सरकली, तरी त्या बाजूच्या ट्रसवर त्याच्या वाट्यापेक्षा जास्त येतं. मग त्याची वरची कॉर्ड, म्हणजे वरची लांब पट्टी, आधी दमते, बाजूला वाकते, आणि दुसऱ्या ट्रसमध्ये अजून दम असतानाच अख्खा पूल जातो. हे तिला ठाऊक होतं, कारण आपल्या पुलासाठी तिनं हा हिशोब स्वतः केला होता. परीक्षकांच्या लक्षात आलं नव्हतं. त्या कॉलेजच्या मुलांच्याही आलं नव्हतं, ती मुलं तर डोळे मिटून उभी होती. प्लेट नीट ठेवली गेली. पूल ९८ किलोला मोडला, भागाकार २५८ च्या आसपास. ढाल त्यांच्याकडे गेली.

तिच्या टीमनं तिच्याशी दोन-चार दिवस अबोला धरला. एकानं तोंडावर सांगितलं, ‘तुला कुणी सांगितलं होतं शहाणपण?’ आमच्या विभागात मात्र तिचं कौतुक झालं, आणि ते कौतुकच तिला सहन होईना. एका संध्याकाळी ती माझ्या केबिनमध्ये आली. म्हणाली, ‘मॅडम, सगळे म्हणतात मी मोठं मन दाखवलं. खरं सांगू? तो पूल मोडावा असंच मला वाटत होतं. प्लेटबद्दल बोलताना तोंड बोलत होतं आणि आत तेच चाललं होतं. मग हे ढोंगच झालं ना?’

तिच्या घरी रोज गीतेचा पाठ होतो. त्यामुळे ढोंग हा शब्द तिनं सहज वापरलेला नव्हता. तिसऱ्या अध्यायात हात-पाय आवरून बसलेल्या पण मनानं विषयांचं चिंतन करणाऱ्या माणसाला कृष्णानं मिथ्याचारी म्हटलं आहे. तिनं ते स्वतःला लावून घेतलं होतं. बाहेरून चांगलं, आतून वाईट, म्हणजे मिथ्याचार.

मला तिची शंका खरी वाटली आणि तिचा निष्कर्ष चुकीचा. तो का चुकीचा हे नीट मांडायला मला बरेच दिवस लागले, आणि अजूनही तो विषय माझ्या मनातून गेलेला नाही.

पहिली गोष्ट त्याच तिसऱ्या अध्यायातली आहे, थोडी पुढची. तिथं कृष्ण सांगतो की प्रत्येक इंद्रियाच्या विषयापाशी राग आणि द्वेष ठाण मांडून बसलेलेच असतात, माणसानं त्यांच्या ताब्यात जाऊ नये. ते नसतातच असं तो म्हणत नाही. आधी त्यांना हाकलून दे आणि मग काम कर, असंही म्हणत नाही. म्हणजे द्वेष बसलेला असताना, त्याच्या समोरच, त्याचं न ऐकता वागायचं आहे. त्या मुलीनं नेमकं तेच केलं. मिथ्याचारी माणूस कर्म टाळतो आणि आतल्या आत विषय चघळतो. तिनं कर्म टाळलं नाही, उलट स्वतःचं नुकसान करणारं कर्म केलं, आणि तेही चांगलं दिसावं म्हणून नव्हे. समोर एक चुकीचं लोडिंग दिसत होतं, ते तिला बघवलं नाही. तिच्यातला इंजिनिअर तिच्यातल्या स्पर्धकाच्या आधी बोलला.

दुसरी गोष्ट विनोबांकडून मिळाली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. माझे वडील बांधकाम खात्यात मुकादम होते, शिक्षण बेताचं, पण त्या प्रवचनांचं ‘गीताप्रवचने’ हे पुस्तक एकादशीला हमखास काढून बसायचे. विनोबा कर्म आणि विकर्म असा भेद करतात. बाहेरचं स्वधर्माचं काम ते कर्म. त्याला आतून मनाची जोड देण्याची जी साधना ती विकर्म. दोन्ही एक झाली की कर्माचं ओझं उरत नाही. मी त्या मुलीला म्हटलं, तुझं कर्म झालं, विकर्म व्हायचंय. अर्धं झालेलं काम खोटं नसतं. आपण स्लॅबचं शटरिंग लावतो आणि काँक्रीट उद्या येणार असतं, म्हणून शटरिंगला कुणी ढोंग म्हणत नाही. ती पहिल्यांदा हसली.

पण मला स्वतःला सगळ्यात जास्त हलवून गेली ती महाभारतातली एक जागा. एकलव्याची कथा सांगताना आपण गुरुदक्षिणेवर थांबतो. अंगठा तोडला, संपलं. त्याआधीचा आणि नंतरचा अर्जुन आपण बघत नाही. आदिपर्वात अर्जुनच द्रोणांना एकांतात गाठून आठवण करून देतो: माझ्याहून वरचढ शिष्य तुमचा नसेल असा शब्द तुम्ही मला दिला होता, मग हा कोण? त्याला झोप लागत नसणार. आपल्याहून चांगलं कुणी आहे हे कळल्यावर चांगल्या विद्यार्थ्याला जे होतं ते त्याला झालं होतं. आणि अंगठा तुटल्यावर काय झालं, तर व्यास सांगतात, अर्जुनाचा ज्वर गेला, तो प्रसन्न झाला. दुसऱ्याचा अंगठा तुटल्यावर उतरणारा तो ताप. मशीनवर परक्याचा पूल मोडतो तेव्हा मागच्या बाकांवर उतरतो तो हाच.

त्याच अर्जुनाला बऱ्याच वर्षांनी कुरुक्षेत्रावर कृष्ण पुन्हा ज्वर टाकायला सांगतो. या वेळी तोडायला कुणाचा अंगठा नाही. आशा सोड, माझं-माझं सोड, ताप सोड, आणि लढ. लढ हा शब्द तो गाळत नाही. माझ्या मते स्पर्धेबद्दलचा सगळा धर्मविचार या दोन जागांच्या मधे उभा आहे. ताप दोन्हीकडे उतरतो. पहिल्या वेळी तो दुसऱ्याच्या नुकसानीनं उतरला, आणि पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या वेळी पुन्हा चढला असणार, कर्णाला पाहून तो चढलेला दिसतोच. दुसऱ्या वेळी तो उतरवायचा आहे हातातलं काम पूर्ण ताकदीनं करत असतानाच.

द्रोणांबद्दल मला इथं बोललं पाहिजे, कारण मी शिक्षक आहे. एका शिष्याला ‘तूच सर्वांत मोठा’ असा शब्द देणं, हेच त्या अंगठ्याचं मूळ. आपल्या कॉलेजचं नाव, बॅनर, पेपरात येणारा फोटो यांच्यासाठी आम्ही मुलांना असाच शब्द देतो, आणि मग मागच्या बाकांवरची आरोळी ऐकून मुलांनाच रागावतो. ‘मोड’ म्हणणाऱ्या मुलाइतकीच त्याच्यामागे उभी असलेली आम्ही मोठी माणसं जबाबदार आहोत, असं मी पूर्ण विचारानं म्हणते.

माझे एक सहकारी या सगळ्यावर आक्षेप घेतात, आणि तो वजनदार आहे. ते म्हणतात, फळाची आशा सोडा म्हणणारी गीता इंजिनिअरच्या कामाची नाही. पूल उभा राहतो की पडतो याची ज्याला पर्वा नाही, त्याच्या पुलावरून मी जाणार नाही. बरोबर आहे. पण पुलाला दोन फळं असतात. एक पुलावरून जाणाऱ्याला मिळतं: तो पलीकडे पोचतो. दुसरं बांधणाऱ्याला मिळतं: नाव, ढाल, बढती, ‘सर्वांत लांब’ हा मान. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला, दोन एसटी आणि आणखी गाड्या नदीत गेल्या. त्या एसटीत बसलेल्यांना तो पूल कुणी बांधला हे माहीत नव्हतं, आणि माहीत असण्याचं कारणही नव्हतं. त्यांना फक्त पहिलं फळ हवं होतं. पहिल्या फळाची आस इंजिनिअरनं जन्मभर धरावी, तिथं उदासीन राहणं हा अधर्म आहे. सोडायचं आहे ते दुसरं. पहिलं दुसऱ्यासाठी गहाण पडतं तेव्हा काय होतं, याचं उदाहरण मी दरवर्षी मुलांना सांगते.

कॅनडात क्यूबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवर कॅन्टिलिव्हर पूल बांधायचा होता. तोवर असा सर्वांत लांब गाळा स्कॉटलंडमधल्या १८९० च्या फोर्थ पुलाचा, ५२१ मीटरचा. क्यूबेकचा मूळ गाळा १६०० फूट ठरला होता. सल्लागार इंजिनिअर थिओडोर कूपर यांनी तो १८०० फूट, म्हणजे ५४९ मीटर केला. खांब उथळ पाण्यात येतील, बर्फाचा त्रास कमी होईल, ही कारणं दिली गेली, ती खोटी नव्हती. पण त्यानं फोर्थही मागे पडत होता, आणि कूपर यांच्या दीर्घ कारकिर्दीवर तो कळस ठरणार होता. गाळा वाढला, पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशोब मात्र वेळेत नव्यानं झाला नाही. लक्षात आलं तेव्हा बरंच पोलाद उभं राहिलं होतं आणि वाढीव ताण ‘चालेल’ म्हणून स्वीकारला गेला. त्याआधी सरकारच्या बाजूनं सुचवलं गेलं होतं की कूपर यांचं काम आणखी एका इंजिनिअरनं तपासावं. कूपर यांनी त्याला जोरदार विरोध केला. ते स्वतः न्यूयॉर्कमध्ये असत, प्रकृतीमुळे साइटवर जात नसत. १९०७ च्या ऑगस्टमध्ये खालच्या कॉर्डचे दाबाखालचे भाग डोळ्यांना दिसतील इतके वाकू लागले. साइटवरचा तरुण इंजिनिअर ते सांगायला न्यूयॉर्कला गेला. आणखी लोड घालू नका अशी तार कूपर यांनी पूल उभारणाऱ्या कंपनीकडे पाठवली, पण काम थांबलं नाही. २९ ऑगस्टला कामाची सुट्टी होण्याच्या सुमारास पूल कोसळला, ७५ कामगार गेले. पुढं १९१६ साली नव्या पुलाचा मधला भाग वर चढवताना पडला आणि आणखी १३ जण गेले. १९१७ मध्ये पूल पुरा झाला. आजही कॅन्टिलिव्हर पुलांत त्याचाच गाळा जगात सर्वांत लांब आहे.

मला या कहाणीत सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो दुसऱ्या डोळ्याला झालेला विरोध. कूपर लबाड नव्हते, नावाजलेले, कष्टाळू इंजिनिअर होते. पण आपल्या कामाकडे परक्यानं बघणं म्हणजे आपला उणेपणा, असं त्यांना वाटलं. कॅनडातले इंजिनिअर पदवी घेताना एका विधीत शपथ घेतात आणि कामाच्या हाताच्या करंगळीत लोखंडी अंगठी घालतात. हा विधी १९२५ साली सुरू झाला. पहिल्या अंगठ्या क्यूबेकच्या पडलेल्या लोखंडाच्या होत्या असं सांगतात, ते खरं नाही, पण लोकांना ते खरं वाटावं यातही काहीतरी आहे. आपण खंडेनवमीला टेस्टिंग मशीनला झेंडूचा हार घालतो. तो हार घालताना मी दरवर्षी मनात म्हणते, आमच्या कामात जे चुकलंय ते इथंच दिसू दे, नदीवर नको.

आपल्याकडे मोठ्या पुलांचं डिझाइन दुसऱ्या, स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासून घेतात, त्याला प्रूफ चेकिंग म्हणतात. प्रूफ चेकर हा डिझाइनरचा मित्र असून भागत नाही. त्यानं चूक शोधायच्या इराद्यानंच बघायला हवं. थोडक्यात, प्रतिस्पर्ध्याची नजर. एखाद्या पुलाकडे त्याच्या प्रतिस्पर्ध्याइतकं बारकाईनं कुणीच बघत नाही, आई-बापही नाही. त्या मुलीला सरकलेली प्लेट दिसली याचं कारण, तिला तो पूल मोडायला हवा होता म्हणून ती त्याच्याकडे सर्वांपेक्षा जास्त टक लावून बघत होती. तिची ईर्ष्या आणि तिचं ज्ञान एकाच डोळ्यात होतं. बोलायच्या क्षणी तिनं त्या नजरेचा उपयोग त्या पुलासाठी केला. ईर्ष्या आधी पूर्ण धुवून टाकली असती, तर कदाचित तिला प्लेट दिसलीही नसती. हे मला अस्वस्थ करणारं वाटतं, पण नाकारता येत नाही.

अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: जागा, कर्ता, साधनं, नाना प्रकारच्या हालचाली, आणि पाचवं दैव. मी तिला कागदावर दोन्ही पुलांची अशी पाच-पाच कारणं लिहायला लावली. जागा: आमचा पूल खिडकीजवळच्या दमट खोलीत सुकला होता, त्यांचा कोरड्या. साधनं: त्यांना मिळालेल्या काड्यांचा गठ्ठा जास्त सरळ धाग्याचा होता. हालचालींच्या रकान्यात ती बराच वेळ थांबली. मग तिनं स्पर्धेनंतर उचलून ठेवलेला त्यांच्या वरच्या कॉर्डचा एक तुकडा पिशवीतून काढला. त्यांनी दोन काड्या एकमेकींना थेट न चिकटवता मधे छोट्या काड्यांचे तुकडे घालून अंतर ठेवलं होतं, आणि ते तुकडे सगळीकडे सारखे नव्हते. मध्याकडे जवळजवळ, टोकांकडे लांब-लांब. दाबाखालची काडी वाकते ती जिथं तिला आधार नसतो तिथं, आणि तिची बिनआधाराची लांबी निम्मी केली तर ती चौपट भार घेते. आपण हे सूत्र फळ्यावर लिहितो, त्यांनी ते काडीत उतरवलं होतं. ‘मॅडम, बघा ना किती विचार केलाय,’ ती म्हणाली. तुकडा बोटांत फिरवत होती. एका जागी फेविकॉलचा थेंब सुकून पिवळा झाला होता, तिथंही त्यांनी पॉलिश पेपर मारला होता, जिथं कुणी बघणार नव्हतं.

पतंजली पुण्यवानाविषयी मुदिता ठेवायला सांगतात, दुसऱ्याच्या चांगुलपणाचा आनंद. हुकमानं मुदिता येत नाही, हे मी अनेक मुलांत पाहिलं आहे. ‘त्यांचं अभिनंदन करा’ म्हटलं की टाळ्या वाजतात आणि चेहरे तसेच राहतात. पण त्यांच्या पुलाचा तुकडा हातात घेऊन तो कसा केला असेल हे शोधू लागलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर मला ती दिसली. कामातून आली, उपदेशातून नाही. विनोबांचं विकर्म यापेक्षा निराळं असेल असं मला वाटत नाही.

यंदापासून आम्ही नियम बदलला आहे. कुठल्याही पुलावर लोड चढण्याआधी प्लेट मध्यावर आहे की नाही, हे प्रतिस्पर्धी टीममधला एक जण पुलाच्या मालक टीमच्या प्रतिनिधीसमोर तपासतो आणि दोघंही तक्त्यावर सही करतात. सहीशिवाय मशीन सुरू होत नाही. बैठकीत बराच वाद झाला. एकांचं म्हणणं, तपासणारा मुद्दाम चुकीचं सांगेल. म्हणूनच समोर दुसऱ्याचा माणूस उभा आणि दोघांच्या सह्या. दुसऱ्यांचं म्हणणं, वेळ जाईल. तो जातो, एका पुलाला तीन-चार मिनिटं जास्त. शेजारच्या कॉलेजच्या सरांना पत्र पाठवलं, तर त्यांनी एक दुरुस्ती सुचवली: मोडलेल्या पुलाचे तुकडे आधी प्रतिस्पर्धी टीमला पंधरा मिनिटं बघायला द्यावेत, मगच निकाल जाहीर करावा. ती आम्ही जशीच्या तशी मान्य केली.